मलिक अंबर : विकल्या गेलेल्या माणसाचे चरित्र



बीडहून गेवराईमार्गे निघालात आणि शहागडला गोदावरी ओलांडली, की पुढे जे मोठे शहर लागते त्याला २०२३ पर्यंत औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. १९५० साली बाबासाहेबांनी तिथे महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि त्या सगळ्या परिसराला नागसेनवन म्हणू लागले. आपल्या जिल्ह्यातली किती मुले पत्र्याची पेटी आणि भाकरीचे गाठोडे घेऊन तिथे उतरली, हे तुम्हाला सांगायला नको. पण ते शहर मुळात वसवले कोणी, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १६१० साली ते वसवले एका अशा माणसाने, ज्याला लहानपणी बाजारात उभे करून विकले होते. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याचे चरित्र तुमच्यापुढे ठेवण्याचे कारण आहे. दीक्षा घेतल्यापासून गावात तुम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला गेला असेल. नाव बदलले, देव काढून टाकले, त्याने माणूस बदलतो का? अंबरचेही नाव बदलले होते आणि धर्मही बदलला होता. त्याने काय बदलले आणि काय बदलले नाही, हे त्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. म्हणून ते नीट पाहू या. त्यासाठी आधी त्याचा धर्म ज्या मुलखात उगवला तिथे जावे लागेल आणि मग त्याच्या जन्मभूमीत.

अरबस्तान हा वाळवंटाचा देश. शेती ओअॅसिसपुरती, म्हणजे जिथे पाणी आहे तेवढ्याच तुकड्यात. बाकीचे लोक उंट, शेळ्या, मेंढ्या घेऊन पावसामागे फिरणारे. त्यांना बदू म्हणतात. तुम्ही आपल्या बालाघाटात धनगरांचे वाडे पाहिले आहेत. दिवाळी सरली की मेंढरे घेऊन ते खाली उतरतात, रात्री शेतात कळप बसवतात, खत मिळते म्हणून शेतकरी त्यांना धान्य देतो, आणि चारा संपला की बिऱ्हाड घोड्यावर लादून पुढे. बदूंचे जगणे याच जातीचे, पण फार कठीण. शेळीच्या केसांच्या कापडाचा तंबू, उंटिणीचे दूध, मूठभर खजूर. आणि विहीर ज्या टोळीची, तिच्याच हातात जीव. बदूला टोळी होती म्हणून तो माणूस होता. त्याला कोणी मारले तर टोळी सूड घेई. ज्याच्या मागे टोळी नाही त्याला कोणीही मारावे, लुटावे, विकावे. तिथे राजा नव्हता, कोर्टकचेरी नव्हती. रक्ताचे नाते हाच कायदा.

मक्का हे मात्र व्यापाऱ्यांचे गाव. तिथले कुरैश लोक काफिले चालवीत आणि आपली तान्ही मुले काही वर्षे वाळवंटातल्या दायांकडे ठेवीत. हजरत महंमद पैगंबर हे असेच बनू साद टोळीतल्या हलीमा नावाच्या बाईच्या दुधावर वाढले. लहानपणी त्यांनी मेंढ्या राखल्या, असे मुसलमानांची परंपरा सांगते. इ. स. ६१० च्या सुमारास ते मक्केत उपदेश करू लागले, तेव्हा पहिल्यांदा जे त्यांच्यामागे गेले त्यांत गरीब होते, गुलाम होते. त्यांतला एक बिलाल. त्याची आई हबशी, म्हणजे अॅबिसिनियाची. नवा धर्म घेतला म्हणून मालकाने त्याला तापल्या वाळूत उताणे पाडले आणि छातीवर धोंडा ठेवला. अबू बकर यांनी त्याला विकत घेऊन मोकळे केले. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेला गेले आणि तिथे नमाजाची बांग देण्याचे काम याच बिलालकडे आले. ६३० मध्ये मक्का हाती आली तेव्हा काबाच्या छपरावर उभे राहून बांग देणारा माणूस हाच होता. मक्केतल्या कुलीनांना ते किती झोंबले असेल, याची कल्पना तुम्हाला दुसऱ्या कोणाहूनही अधिक येईल.

टोळीच्या जागी श्रद्धावंतांचा समाज आला. रक्ताने परका असलेला माणूस भाऊ ठरला. बदू टोळ्यांना हे सहज पटले असे नाही. ६३२ मध्ये पैगंबर वारल्यावर कित्येक टोळ्यांनी जकात नाकारली आणि फुटून निघाल्या. लढाया होऊन त्या परत आणाव्या लागल्या. पण एकदा जमल्या तेव्हा त्याच उंटवाल्यांच्या फौजा थोड्याच वर्षांत सीरिया, इराक, इराणपर्यंत जाऊन पोहोचल्या.

एक गोष्ट मात्र इथे लक्षात ठेवा, ती पुढे लागेल. या नव्या समाजाने गुलामगिरी बंद केली नाही. गुलाम मोकळा करणे हे पुण्य ठरले, स्वतंत्र मुसलमानाला गुलाम करणे निषिद्ध ठरले. परंतु आधीच गुलाम असलेल्या माणसाने इस्लाम स्वीकारला, तर तेवढ्याने तो सुटत नसे. धर्मबंधू होऊनही मालकाचा गुलामच राही.

आता तांबडा समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, आजच्या इथिओपियात या. सोळाव्या शतकात तिथे उंच पठारावर ख्रिस्ती राजे होते आणि समुद्राकडच्या सखल मुलखात मुसलमान सुलतान. त्या सखल, कोरड्या भागात सोमाली लोक उंट आणि शेळ्या घेऊन हिंडत. त्यांच्यात इस्लाम व्यापाऱ्यांकडून केव्हाच पसरला होता. १५२९ मध्ये हरारच्या बाजूचा इमाम अहमद या सोमाली टोळ्यांना घेऊन पठारावर चढला आणि १५४३ मध्ये लढाईत पडेपर्यंत त्याने ते ख्रिस्ती राज्य पार खिळखिळे केले. दोन्ही बाजू थकल्या, तोच दक्षिणेकडून ओरोमो नावाचे गुराखी लोक गुरे घेऊन वर सरकू लागले. त्यांची एक रीत होती. दर आठ वर्षांनी तरुणांची नवी पिढी कारभार हाती घेई आणि तिने नव्या मुलखावर चाल करून आपले नाव करायचे असे. या तिन्हींच्या मध्ये सापडला तो शेतकरी. त्याची पोरे पकडली जात, दुष्काळात आईबापही विकत. किनाऱ्यावर हिंदुस्थानी कापड येई आणि त्याच्या मोबदल्यात माणसे जात. गुजरातेत विणलेले सुती कापड कोण्या हबशी आईच्या लेकराची किंमत ठरे, असा तो व्यापार.

अशा काळात, १५४८ च्या सुमारास, इथिओपियाच्या दक्षिणेकडच्या मुलखात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. घरातून तो कसा निघाला ते सोडा. येमेनमधल्या मोखा बंदरात तो विकला गेला, तिथून बगदादला नेला गेला आणि तिथे पुन्हा विकला गेला. बगदादच्या व्यापाऱ्याने पाहिले की पोरगा तल्लख आहे. त्याने त्याला लिहायला वाचायला शिकवले, मुसलमान केले आणि त्याचे नाव अंबर ठेवले. अंबर हे एक मोलाचे सुगंधी द्रव्य आहे. गुलामांना अशीच नावे देत. कापूर, याकूत, संदल. म्हणजे ते नाव मालाचे होते. आपल्या आजोबांची नावे कचरू, धोंडू, दगडू अशी असत, ती ऐकून आपण चिडतो. चापूचे नाव ऐकायला गोड होते, पण तेही दुसऱ्याने चिकटवलेले. गोड नावामुळे माणूस स्वतंत्र होतो असे नाही.

त्याच्या धर्मांतराचेही तसेच. त्याला कोणी विचारले नाही. तुम्ही १९५६ नंतर जे केलेत ते विचार करून, चारचौघांत उभे राहून, स्वतःच्या तोंडाने केलेत. बगदादच्या त्या पोराला ती संधी नव्हती. पण शिक्षण त्याला खरेच मिळाले, आणि तो जन्मभर त्याच धर्मात मनापासून राहिला, हेही सांगितले पाहिजे.

१५७० नंतर लवकरच त्याला दख्खनमध्ये आणले. आपला मुलूख तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होता. तिचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः पूर्वीचा हबशी गुलाम, आणि त्याच्या पदरी हजारभर हबशी गुलाम होते. तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल. गुलाम असलेला मनुष्य पेशवा कसा? दख्खनच्या सुलतानांची अडचण अशी होती की दरबारात इराणकडून आलेले सरदार आणि इथले दख्खनी सरदार यांचे सतत वैर. प्रत्येकाला भाऊबंद, जावई, वतन. ज्याला या देशात ना भाऊ ना गाव, तो मनुष्य मालकाशी इमान राखील, म्हणून हबशी गुलामांना घोडा आणि तलवार देत. टोळी नसणे हे बदूंच्या देशात मरण होते. इथे त्याचीच किंमत झाली.

यात आणखी एक गोष्ट पहा. चंगीझखान १५७४-७५ च्या सुमारास मेला आणि त्याच्या बायकोने अंबरला मोकळे केले. त्या दिवसापासून तो स्वतंत्र. त्याने लग्न केले, त्याची मुले स्वतंत्र जन्मली. गुलामगिरी सुटू शकत होती. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून नेमके हेच दाखवले आहे की गुलामाला मालक मुक्त करू शकतो, पण अस्पृश्याला मुक्त करील असा मालकच नसतो, कारण ती कुणा एकाची मालमत्ता नसून साऱ्या गावाची रूढी असते. चंगीझखानाच्या बायकोला जे एका दिवसात करता आले, ते आपल्या वाडवडिलांसाठी करू शकेल असे पिढ्यानपिढ्या कोणी नव्हते.

मोकळा झाला, पण पोट कसे भरायचे? पुढची वीस वर्षे अंबरने भाड्याची तलवार चालवली. थोडे घोडेस्वार जमवायचे आणि जो पगार देईल त्याच्याकडे जायचे. विजापूरकरांकडे असताना त्याला मलिक ही पदवी मिळाली. मलिक आणि मालक हे एकाच अरबी धातूचे शब्द आहेत. विकल्या गेलेल्या माणसाला ही पदवी मिळावी हा योगायोग मोठा आहे. तिथे पगारावरून बिनसले, तेव्हा १५९५ मध्ये तो परत अहमदनगरला आला. पदरी दीडशे स्वार.

तेच वर्ष अकबराची फौज अहमदनगरवर येण्याचे. चांदबीबीने किल्ला लढवला ती हकीकत तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. १६०० मध्ये ती मारली गेली आणि किल्ला मोगलांनी घेतला. सुलतान कैद झाला. निजामशाही संपली, असे दिल्लीने धरले. अंबर मात्र आपली माणसे घेऊन वेढ्याबाहेर होता. राजधानी गेली तरी मुलूख गेलेला नाही, हे त्याला समजले. त्याने राजघराण्यातला वीस वर्षांचा एक तरुण शोधून काढला, बीडच्या दक्षिणेला परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतः हाती घेतला. दीडशे स्वारांचे तीन हजार झाले, तीन हजारांचे सात हजार. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी लढताना तो जखमी होऊन पडला. त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेले, म्हणून वाचला. पुढे राजू नावाचा दुसरा सरदार निजामशाहीचा अर्धा मुलूख दाबून बसला होता, त्यालाही त्याने दूर केले.

मोगलांपाशी तोफा, हत्ती, अफाट खजिना. अंबरपाशी काय होते? त्याच्यापाशी हा आपला डोंगराळ, कमी पाण्याचा मुलूख होता आणि इथली माणसे होती. त्याने मराठा सरदार आणि शिलेदार मोठ्या संख्येने हाताशी धरले. शहाजीराजे भोसले त्याच्या फौजेत तयार झाले. समोरासमोर उभे राहायचे नाही. शत्रूच्या रसदेवर पडायचे, चारा आणायला निघालेल्या टोळ्या कापायच्या, रात्री छावणीवर बाण टाकायचे आणि सकाळ होण्याआधी घाटात नाहीसे व्हायचे. यालाच बारगीगिरी म्हणत. ओझे नाही, तंबू नाही, खोगिराला बांधलेले धान्य तेवढे. मला वाटते, हे लढणे राजवाड्यातल्या माणसाचे नव्हते. हे कळपामागे चालणाऱ्या, पाणी कुठे आणि वाट कुठे हे पायाने शिकलेल्या माणसांचे लढणे होते. अंबर ज्या मुलखातून आला तिथेही लढाया अशाच होत, आणि आपला बालाघाटही अशा लढाईला सोयीचा. दरवर्षी दसऱ्यानंतर घराला कुलूप लावून ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या माणसाला, थोडक्या सामानावर दूर कसे जगायचे, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

दिल्लीत अकबरानंतर जहांगीर आला. त्याच्या सेनापतीमागून सेनापती दख्खनमध्ये आले आणि अपयश घेऊन परतले. जहांगीराने आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख जिथे जिथे केला तिथे त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या दिल्या आहेत. १६१६ च्या सुमारास त्याच्या दरबारच्या अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढले, ते आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या एका संग्रहालयात आहे. त्यात अंबरचे तोडलेले मुंडके भाल्यावर टोचले आहे आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा त्यावर बाण मारतो आहे. हे कधी घडलेच नाही. प्रत्यक्षात जे करता येईना ते चित्रात करून घेतले. बादशहा आणि अंबर दोघेही मुसलमान, एकाच दिशेला तोंड करून नमाज पढणारे. तरी रंग आणि गुलामीचा डाग बादशहा विसरला नाही.

बादशहाचे सोडा, तो शत्रू होता. स्वतःच्या जावयाच्या घरीही हेच घडले. एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की निजामशहाची थोरली राणी गोरी इराणी होती आणि तिने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. मुलीने बापाला सांगितले. त्या लिखाणाप्रमाणे अंबरने १६१० मध्ये राजा आणि त्याची राणी दोघांनाही विष घालवले आणि राजाच्या पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले. हे कृत्य क्रूर होते, त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्यावरून एक कळते. साठी ओलांडलेला, राज्याचा सर्वाधिकारी असलेला मनुष्य, त्याच्या मुलीला अजून गुलामाची पोर हा शब्द ऐकावा लागत होता. धर्माने दार उघडले होते, पण आतल्या माणसांची जीभ धर्माने बदलली नव्हती. आणि दुसरी बाजूही पहा. अंबर स्वतः गुलामीतून सुटला, तरी त्याच्या पदरी हबशी गुलाम होतेच. जी रीत त्याच्यावर चालली ती त्यानेही चालवली.

आता त्या शहराकडे येऊ. १६१० मध्ये अंबरने दौलताबादेत राजधानी आणली आणि जवळच खडकी नावाच्या खेड्याच्या जागी नवे शहर वसवले. नावाप्रमाणे खडकाळ जागा, पाण्याचे दुर्भिक्ष. उत्तरेकडच्या डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली जे पाणी झिरपते ते भुयारात गोळा करून, फक्त उताराच्या जोरावर त्याने शहरात आणले. ना मोट, ना रहाट. मध्ये मध्ये हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी भोके ठेवलेली. हा नहर-ए-अंबरी. ही विद्या मूळ इराणकडची, वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्यांनी शोधलेली. तिचा नमुना पाहायला बीडकरांना लांब जावे लागत नाही. शहराबाहेरची खजाना विहीर त्याच जातीची आहे. निजामशाहीतच, अंबर सत्तेवर येण्याआधी, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. तिला भुयारे आहेत, दोनांतून पाणी येते आणि एकातून शेताकडे जाते. अंबरने हीच विद्या एका अख्ख्या शहरासाठी वापरली आणि त्याच्या नहराचे पाणी त्या शहराने पुढे तीनशे वर्षे वापरले. १६१६ मध्ये मोगलांनी जालन्याच्या बाजूला अंबरचा पराभव करून खडकी जाळली. त्याने ती पुन्हा उभी केली.

त्याचे दुसरे मोठे काम जमिनीचे. पूर्वी सरकार महसुलाचा इजारा देई. जो जास्त बोली लावील त्याने गावे पिळून वसुली करायची. अंबरने इजारा बंद केला. गावोगाव नजरपाहणी करून जमिनीची प्रत ठरवली, पिकाचा सुमारे दोनपंचमांश भाग धारा ठरवला आणि पुढे तो रोख रकमेत, एकतृतीयांशाच्या आसपास आणला. पीक बुडाले तर सूट. पाटील-कुलकर्णी पुन्हा कामाला लावले, मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क पक्का केला. शिवाजी महाराजांच्या काळची व्यवस्था याच पायावर पुढे गेली. त्याने आपल्या मराठा सरदारांना किंवा ब्राह्मण कारकुनांना मुसलमान व्हा म्हटले नाही. १६१७ मध्ये त्याला भेटलेल्या त्याच डच व्यापाऱ्याने लिहिले आहे की लोक त्याला मानत आणि त्याचा कारभार कडक होता.

हे सगळे खरे आणि मोठेच आहे. पण आपण आपल्या बाजूनेही विचारले पाहिजे. अंबरचे कारकून गावात पाहणीला आले तेव्हा शीव दाखवायला पुढे कोण चालले? महार. शिवेची, वाटांची, कोणाचे वावर कुठून कुठे, याची साक्ष महाराचीच. त्यावरून प्रत ठरली, धारा ठरला, मिरास पक्की झाली. आणि पाहणी संपल्यावर तो महार पुन्हा वेशीबाहेर गेला. बलुत्याची वाटणी, वेसकरकी, मेलेले ढोर ओढणे, यांतले काही हलले नाही. जो मनुष्य स्वतः बाजारात विकला गेला होता, ज्याच्या लेकीला गुलामाची पोर हा शब्द झोंबला, त्यालाही गावकुसाबाहेरची वस्ती दिसली नाही. किंवा दिसली आणि ती मुलखाची रीत म्हणून त्याने सोडून दिली. राज्यकर्त्याला महसूल हवा असतो आणि गाव शांत हवे असते. त्याच्या जागी कोणताही सुलतान, कोणताही राजा यापेक्षा वेगळा वागला नाही, म्हणून एकट्या अंबरला दोष देणे बरोबर नाही. पण खालून वर आलेला मनुष्य आपोआप खालच्यांना वर ओढतो, हा समज त्याच्या चरित्रावरून तरी टिकत नाही.

त्याची शेवटची मोठी लढाई १६२४ मधली, आणि ती आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावर झाली. मोगल आणि विजापूरकर एक होऊन त्याच्यावर आले. अहमदनगरच्या आग्नेयेला, मेहकरी नदीवर भातवडी गाव आहे. हीच मेहकरी पुढे आष्टी तालुक्यात उतरते. अंबरचे वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. त्याने भातवडीच्या तळ्याचा बांध फोडला आणि शत्रूच्या वाटेवर चिखल केला. तोफा आणि गाडे जागीच रुतले. त्याच्या टोळ्या रात्रीबेरात्री छावणीवर पडत, खाणे तुटले, विजापूरचे सैनिक उपासमारीने कंटाळून फुटू लागले. मग त्याने हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी पडला, मोगलांचे कित्येक सरदार कैद झाले. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच मारले गेले. मोगल सरदार जानसिपारखान हा बीडचा ठाणेदार होता. तो रणातून निसटला तो थेट बीडला आला आणि किल्ला बंद करून बसला. बीडच्या किल्ल्यातली जामा मशीद १६२७ च्या सुमाराची, त्याच जानसिपारखानाच्या वेळची आहे. तुम्ही तिच्यावरून रोज बाजाराला जाता.

१६२६ च्या मे महिन्यात अंबर वारला. वय ऐंशीच्या घरात. जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमदखानाने, ज्याच्या धन्याने अंबरला आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याची बातमी लिहिताना हात आखडता घेतला नाही. लढाईत, शहाणपणात आणि कारभारात या माणसाची बरोबरी करणारा नव्हता, हबशी गुलाम एवढ्या थोरवीला पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले.

त्याचा मुलगा फत्तेखान बापाच्या जागी बसला. त्याने खडकीचे नाव फत्तेनगर केले, पुढे निजामशहाला मारले, आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली करून पेन्शन घेतली. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा गावेच्या गावे ओस पडली आणि अंबरचा धारा भरायला शेतात माणूस राहिला नाही. त्याच धुमश्चक्रीत आपल्या जिल्ह्यातला धारूरचा किल्लाही मोगलांनी घेतला. १६३६ मध्ये निजामशाही कायमची संपली. १६५३ नंतर औरंगजेबाने त्या शहराला आपले नाव दिले.

अंबरची कबर खुलताबादला आहे. दगडी, घुमटाची, साधी. शेजारीच त्याच्या बायकोची कबर आहे. वेरूळची लेणी पाहायला मुलांना घेऊन जाल तेव्हा खुलताबाद वाटेतच लागते.